राजीखुशीनं

२७ नोव्हेंबर १९४९, रविवार

"खतात 'राजीखुशीनं' हा शब्द घालावा लागतो, कारण घरात तो नसतो."

अण्णांचं वाक्य. माझे वडील जन्मभर निजामाच्या कोर्टाबाहेर बसून लोकांची खरेदीखतं, गहाणखतं लिहीत. हे ते कुणाला म्हणाले, कधी म्हणाले, आठवत नाही. मी शेजारी बसून दौतीत पाणी घालत होते, एवढंच. आज सकाळी न बोलावता आठवलं आणि दिवसभर गेलं नाही.

काल दिल्लीत घटना मंजूर झाली. केशवभावजींनी गल्लीत पेढे वाटले. हे वारल्यापासून मी या धाकट्या दिरांच्याच घरात आहे. म्हणाले, "वहिनी, आता पुस्तिका लवकर होऊ द्या. लोकांना कळू दे, आपल्याला मिळालं काय ते!"

पुस्तिका म्हणजे उदारमतवाद, सोप्या मराठीत. वाचनालयातल्या बायकांच्या वर्गासाठी. प्रकरणं ठरली आहेत — व्यक्ती, संमती, मालमत्ता, सहिष्णुता, सत्तेला लगाम. 'संमती'पाशी अडले. "राज्य लोकांच्या संमतीवर उभं असतं" हे पहिलं वाक्य झालं. दुसरं येत नाही.

२९ नोव्हेंबर

वर्गात हसाहशी. फळ्यावर 'उदारमतवाद' लिहिलं, तर मागून चतुराबाई म्हणाल्या, "उधारमतवाद? म्हंजी नवऱ्याचं मत उधार घ्यायचं? ते तर आम्ही करतोच की!" सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मीसुद्धा.

मग सांगितलं — उदार म्हणजे दानशूर नव्हे. प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचा धनी. त्याच्यामुळं दुसऱ्याला इजा होत नाही तोवर त्याला कोणी अडवायचं नाही. नवऱ्यानं नाही, जातीनं नाही, सरकारनंही नाही.

वकिलांच्या अनसूयाबाईंनी विचारलं, "आणि इजा झाली की नाही, हे ठरवायचं कोणी?"

पुढच्या मंगळवारी सांगते, म्हटलं.

३ डिसेंबर

हुरमतबींच्या ओट्यावर आजही ते चौघं रिकामटेकडे बसलेले.

आमची नि त्यांची एक भिंत. हुरमतबी साठीच्या, विधवा, पडदा पाळणाऱ्या. मी त्यांना खाला म्हणते, मावशी. मुलगा मुनीर पाण्याच्या नहर खात्यात कारकून. पोलीस अ‍ॅक्शननंतर कुणीतरी त्याचं नाव रझाकारांत घातलं आणि त्याला धरून नेलं. आधी इथल्या जेलमध्ये होता, उन्हाळ्यात हैदराबादेकडे हलवला. तेव्हापासून खबर नाही. मुनीर आणि रझाकार! कबुतर हातात घेताना हात थरथरायचा त्याचा.

चौघं काहीच करत नाहीत. शिवी नाही, दगड नाही. पत्ते खेळतात. पान खातात. खालांनी दाराची फट केली की हसून सरकून बसतात — "या ना, या, आपलंच घर आहे!" एवढंच. पण खालांकडे आता कोणी जात नाही. बायका वळसा घेऊन पलीकडून जातात. पाणीवाल्यानं यायचं सोडलं.

भावजींना म्हटलं, हे बरं दिसत नाही.

"रस्त्यालगतचा ओटा आहे, वहिनी. बसायला बंदी आहे का? तुमच्याच पुस्तिकेत आहे ना — इजा होत नाही तोवर?"

हसत म्हणाले. मीही हसले.

५ डिसेंबर

'इजा' या शब्दावर लिहिलेली पानं फाडली.

८ डिसेंबर

भावजींनी आज सांगून टाकलं. खालांचं घर ते विकत घेणार. मधली भिंत पाडून छापखाना घालणार. "आणि पहिली छपाई तुमची पुस्तिका!"

मला आनंद झाला. खरंच झाला — क्षणभर. लिहून ठेवते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, झाला नव्हता.

"त्या विकणार आहेत?"

"त्यांचाच निरोप आलाय."

"का पण?"

भावजींनी सुपारी गालात सरकवली. मग — "मी मुनीरसाठी शब्द टाकणार आहे. वर ओळखी आहेत माझ्या. पोरगा सुटून येईल. आणि घर नाही विकलं तर उद्या बेवारस म्हणून सरकारजमा होईल. त्यापेक्षा शेजाऱ्याला गेलेलं काय वाईट?"

म्हटलं, "म्हणजे घर द्या आणि मुलगा घ्या?"

त्यांचा आवाज एकदम चढला. "वहिनी, रंगनाथला विहिरीतून मी काढला! तुम्ही नव्हता तिथं."

रंगनाथ त्यांचा सत्याग्रहातला सोबती. रझाकारांनी त्याला मारून विहिरीत टाकलं होतं. तेव्हापासून भावजी विहिरीचं पाणी पीत नाहीत, कुठल्याच. ते दुःख खरं आहे. त्या दुःखाच्या बदल्यात दुसऱ्याच कुणाचं घर मागता येतं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

१० डिसेंबर

द्वारकाबाई मुकुंदवाडीहून भांड्याला येतात. राख लावता लावता म्हणाल्या, "बाई, शेजारच्या घराला मागं एक खोली हाय म्हनं. माझ्या भावाला मिळंल का? तुमच्या भावजींना इचारता का?"

"अहो, त्या घरात माणूस राहतंय अजून."

"व्हय की. आज हाय." आणि कढई घासत राहिल्या.

१६ डिसेंबर

मागच्या दारानं खालांकडे गेले. अंधाऱ्या खोलीत बसून अडकित्ता चालवत होत्या. समोर सुपारी नव्हती. नुसता अडकित्ता. कट — कट.

सरळच विचारलं, "खाला, विकायचं तुमच्या मनात आहे का?"

"मन? मन कू कौन पूछ रा, बेटी." मग म्हणाल्या, "मुनीर आया तो कहीं भी घर है. मुनीर नै तो इस घर कू क्या करूं?"

याला काय म्हणायचं? ही निवडच ना? माणूस दोन गोष्टींतून एक निवडतो, ती निवड. पण दोन्ही गोष्टी दुसऱ्याच कुणीतरी समोर मांडल्या असतील तर?

मला उदास बघून त्यांनीच विषय बदलला. आपल्या निकाहची गोष्ट सांगितली. काझी पडद्याबाहेरून विचारत होते, कबूल है? "मेरी जुबान तालू कू चिपक गई. काजीसाब एक बार पूछे, दो बार पूछे. आखिर में पीछे से फूफी बोल दी मेरे बदले — हौ, कबूल! बाहर किसकू मालूम, किसकी आवाज?" खुदकन हसल्या. दात थोडे राहिलेत, पण हसणं मुलीचं.

"तुम्हाला राग नाही आला आत्याचा?"

"खाविंद अच्छा निकला, बेटी. इसलिए माफ कर दी."

१९ डिसेंबर

'संमती'चं दुसरं वाक्य आज सुचलं — "ज्याला 'नाही' म्हणायची वाट मोकळी आहे, त्याचंच 'हो' खरं."

मोठ्यानं वाचून पाहिलं. चांगलं वाक्य आहे.

ओट्यावर आज सहा जण.

२४ डिसेंबर

खत तयार झालं. मराठीत लिहिलंय. खालांना उर्दू येतं, मराठी वाचता येत नाही.

भावजी माझ्या खोलीत आले. एरवी दाराशीच उभे राहतात, आज आत बसले. "पडदानशीन बाईचं खत म्हणजे कायद्याची भारी कटकट, वहिनी. रजिस्ट्रार स्वतः घरी येणार. बाईला मजकूर समजला का, तिच्यावर कुणाचा दाब तर नाही, हे विचारणार. पडद्याच्या आत ओळखीची, शिकलेली बाई लागते. साक्षीला. तुम्ही बसा."

मी नाही म्हटलं.

या घरात मी पहिल्यांदा नाही म्हटलं असेल.

चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. "राहिलं. दुसरी मिळेल. पण ती त्यांना मजकूर धड वाचून तरी दाखवेल का, तुम्हीच सांगा." उठले. दारात थांबले. "विचार करा. हे घर तुमचंही आहे, वहिनी. आहे तोवर."

जिना उतरताना गुणगुणत होते.

२ जानेवारी १९५०

खालांनीच बोलावलं. म्हणाल्या, "तू बैठ मेरे पास. दूसरी आई तो मेरेकू क्या समझेगा?"

मी म्हटलं, "खाला, मी बसले म्हणजे मी सांगितल्यासारखं होतं, की तुम्ही आपखुशीनं देताय."

"तो बोल. मुनीर के वास्ते बोल."

मी नकार दिला तर माझे हात स्वच्छ राहतील. आणि त्यांचे रिकामे. प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचा धनी — वर्गात मीच सांगते ना? मग त्यांचं भलं कशात आहे हे ठरवणारी मी कोण? भावजींनी त्यांच्या वतीनं ठरवलं, तर तो जुलूम. मी ठरवलं, तर ते काय?

हो म्हणून कळवलं.

५ जानेवारी

आज त्यांना खत वाचून दाखवलं, एकेक ओळ त्यांच्या बोलीत करून. चतुःसीमा आल्या. पूर्वेला आमचं घर. शेवटी आलं — "राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं लिहून दिलं असे." उर्दू खतात याला काय म्हणतात ते अण्णांमुळं मला पाठ आहे. म्हटलं, "बरजा-व-रगबत." मर्जीनं आणि ओढीनं.

"रगबत!" खाला म्हणाल्या. "मेरेकू तो खाने की रगबत नै रही, बीबी."

आणि सही केली. वळणदार, सुरेख. अक्षरांचा लपेटा शेवटपर्यंत सुटला नाही.

आता एवढंच राहिलं. रजिस्ट्रार येऊन विचारणार.

१० जानेवारी

झालं. आज लिहवत नाही.

११ जानेवारी

लिहायला हवं. मला एकटीलाच माहीत आहे ते.

काल सकाळपासूनच खालांच्या घरात माणसं. ओट्यावरची आत अंगणात आली होती. कुणी खाटेवर, कुणी उंबऱ्यावर. मी गेले तेव्हा खाला कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याशी काही बोलायचं असावं, ओठ हलले. तेवढ्यात कुणीतरी हसत डोकावलं — "चाची, चहा घेणार ना साहेब?" ते राहूनच गेलं.

रजिस्ट्रारसाहेब तरुण. बाहेरगावचे. नेमस्त. मधे चादर बांधली होती, तिच्या अलीकडे खाला आणि मी, पलीकडे ते आणि त्यांचा कारकून. साहेबांनी बसल्या बसल्या सगळ्या पुरुषांना घराबाहेर काढलं. भावजींनाही! "बाईंना एकटं विचारायचं असतं." मला केवढा धीर आला! वाटलं, हाच तो कायदा. मी लिहिते आहे तो. खरंच असतो तर!

पण बाहेर म्हणजे कुठं? अंगणात. जोड्यांची करकर ऐकू येत होती.

"खत वाचून दाखवलं?" मी सांगितलं, हो, मी वाचलं. "सही त्यांचीच?" खालांनी मान हलवली. मी सांगितलं, हो म्हणताहेत.

"आता त्यांनी स्वतः बोलायचं. बाई, हे राजीखुशीनं देताय ना? कोणाचा दाब?"

शांत.

साहेबांनी हिंदुस्थानीत विचारलं. "आप अपनी मर्जी से दे रही हैं?"

शांत. बाहेर कुणीतरी खोकलं. भावजींचा खोकला मी ओळखते.

"हे बघा, बाई बोलल्या नाहीत तर मी नोंद करणार नाही. परत जाईन."

खालांनी माझं मनगट धरलं. हाडापर्यंत धरलं. बोल म्हणून? थांब म्हणून? मी त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी चादरीकडे बघत होते. पलीकडे साहेब उठल्याची चाहूल लागली. वाटलं, हे गेले म्हणजे मुनीर गेला. निकाहमधली ती फूफी आठवली — बाहेर किसकू मालूम, किसकी आवाज —

आणि मी म्हटलं, "जी. राजी हूं."

माझ्या उर्दूत खोट नाही. अण्णांची शिकवण. पलीकडे लेखणी करकरली. "शुक्रिया, बाई," साहेब म्हणाले. खालांनाच म्हणाले.

चादरीखालून शाईची गादी आली; सही असली तरी नोंदीला अंगठा लागतोच. खालांचा अंगठा मीच धरून टेकवला. झोपलेल्या मुलाचा असतो तसा सैल होता. खाली माझी साक्ष.

सगळे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सुटल्यासारखं वाटत असेल, असं मला वाटलं. असं मी समजून घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत

"तिळगूळ घ्या वहिनी, गोड बोला!"

मुनीरचं विचारलं. भावजी वाटीतला हलवा निवडत होते. "शब्द टाकलाय. वेळ लागतो अशा कामाला." वर पाहिलं नाही.

१८ जानेवारी

खाला गेल्या. हैदराबादला, बहिणीकडे. टांग्यात दोन पेट्या आणि गुंडाळलेली गादी. मी मागच्या दारातून हात केला. बुरख्याच्या जाळीमागं त्या कुठं बघत होत्या, कळलं नाही.

घर रिकामं झालं तरी ती माणसं ओट्यावर होतीच. संध्याकाळी भावजी बाहेर आले, म्हणाले, "उठा रे आता."

उठले. पत्ते गोळा केले आणि निघून गेले. एका शब्दात!

मी खिडकीत उभी होते. म्हणजे — सांगितलं असतं तर महिन्यापूर्वीही उठली असती.

२१ जानेवारी

मधली भिंत पाडताहेत. ताटात चुना पडतो. द्वारकाबाई खुश. भावाला खोली मिळाली.

वर्गाला गेले नाही. बरं नाही म्हणून कळवलं.

२६ जानेवारी, गुरुवार

प्रजासत्ताक. गल्लीभर पताका. छापखान्याची पूजा झाली. भावजींचे डोळे भरून आले होते. खरे भरले होते, त्यांना मी ओळखते. भाषणात म्हणाले, "आज प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचा धनी झाला." माझंच वाक्य. टाळ्या.

मजकूर द्या म्हणून मागं लागलेत. देते म्हटलं. माझा आवाज मला परका वाटतो हल्ली. वर्गात, स्वयंपाकघरात — कुठंही बोलले की वाटतं, हे कुणाच्या वतीनं?

२ फेब्रुवारी

भावजी आज मजकूर स्वतःच घेऊन गेले. खिळे जुळवायला बसवलाय.

९ फेब्रुवारी

दुपारी मागच्या दारात मुनीर. गाल बसलेले, अंगात दुसऱ्याच कुणाचा कोट. आत ये म्हटलं, आला नाही.

भावजींच्या शब्दानं तो सुटलाच नव्हता. पुरावा नाही म्हणून हैदराबादेत त्याला डिसेंबरअखेरच सोडून दिलं होतं. तापानं पडला म्हणून येता आलं नाही. पण त्या दिवशी पहाटे, रजिस्ट्रार यायच्या आधी, दूधवालीकडून त्याचा निरोप खालांना पोचला होता. घरात माणसं भरलेली. तोंडानं 'नाही' म्हणायची त्यांची छाती नव्हती. बोलल्या नाहीत तर परत जाईन असं साहेब म्हणाले, आणि त्यांना वाट दिसली. गप्प राहायचं. म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं — थांब म्हणून.

"अम्मी सिर्फ इत्ता पूछने बोली," मुनीर म्हणाला, "तुम कायकू बोले?"

कोट सावरून तो निघून गेला.

उद्या रजिस्ट्रारच्या कचेरीत जाणार. पडद्याआड बोलले ती मी होते, हे सांगणार. भावजी मला या घरात ठेवणार नाहीत. न ठेवोत. साहेब नेमस्त आहेत, बसायला खुर्ची देतील. मग म्हणतील, बाई, खाली अंगठा त्यांचा, साक्ष तुमची, आवाज कोणाचा होता ते आता कसं ठरवायचं? नोंद झाली ती झाली. आणि कायद्यानं त्यांचं बरोबरच असेल. तरी हात जोडून एवढंच मागणार — साहेब, त्यांना पुन्हा एकदा विचारा.